पोर्ट एक, गैरहजर

सामंतकाका रोज सकाळी कॉम्प्युटरची हजेरी घेत. मशीन सुरू होताना युनिक्सच्या ओळी पडद्यावर सरकू लागल्या की ते मास्तरांच्या आवाजात विचारत, "पोर्ट शून्य?" ओळ दिसली की स्वतःच म्हणत, "हजर." "पोर्ट एक? हजर." मगच चहा. पोर्ट म्हणजे मशीनमागची केबल जोडायची जागा; पोर्ट एकला मोडेम जोडलेला होता आणि अंबरनाथच्या आमच्या कारखान्याचा रोजचा अहवाल त्यातूनच, फोनच्या तारेवरून, मुंबईच्या ऑफिसला जाई. काका मूळचे इलेक्ट्रिशियन. पन्नाशीत धडपडून कॉम्प्युटर शिकले होते. त्या खुर्चीत बसले की त्यांची मान जरा ताठ होई.

एका सोमवारी पोर्ट एक आलंच नाही.

काकांनी केबल बदलली, मोडेम बदलला, युनिक्सच्या फायलींत पोर्टचा पत्ता पुन्हा लिहिला. ज्या कार्डावर ते पोर्ट होतं, ते मशीनमधून काढून खोडरबरने घासलं आणि परत बसवलं, चार वेळा. दर वेळी पुन्हा हजेरी. "पोर्ट एक? गैरहजर. उद्या बापाला घेऊन ये." पहिल्या दिवशी आम्ही हसलो. आठव्या दिवशी त्यांनी कीबोर्ड आपटला. "मी बोट लावून दाखवतोय, आणि हे मेलं म्हणतंय असं काही नाहीच."

मॅनेजर म्हणाले, "सामंत, पुरे झाले प्रयोग. उद्यापासून स्टोअरला बसा."

आता खरं सांगतो. त्या कार्डावर तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन प्लास्टिकच्या टोप्या होत्या. त्यातली एक आदल्या शनिवारी मी काढली होती. घरच्या मशीनसाठी उल्हासनगरच्या बाजारातून जुनं कार्ड घेतलं होतं, त्याला टोपी नव्हती. दुकानदार म्हणाला होता, "साईं, किसी भी कार्ड से निकाल लो." मला ऑफिसच्या कार्डावरची एक जास्तीची वाटली. कार्डाचं पुस्तक आमच्याकडे नव्हतं, त्यामुळे काय कमी आहे हे काकांना कळायला मार्ग नव्हता. मला सोमवारीच कळलं होतं, की त्या टोपीशिवाय ते पोर्ट मशीनला दिसत नाही. पण मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. आठ दिवस मी शेजारी बसून त्यांना पेचकस देत राहिलो.

काका स्टोअरला गेल्यावर मी घरून टोपी आणून जागेवर बसवली. पोर्ट हजर. ते धावत आले. "काय केलंस रे?"

"काही नाही काका. कार्ड काढून परत बसवलं."

"मीही तेच केलं होतं," ते म्हणाले. मग वही काढून तसंच लिहून घेतलं, माझ्या नावासकट. खुर्ची मला मिळाली.

ते निवृत्त झाल्यावर एकदा बेलवलीला त्यांच्या घरी गेलो, सांगायचं ठरवूनच. दारातच बायकोला म्हणाले, "अगं, हाच तो. जो गुण माझ्या हाताला नाही, तो याच्या हाताला आहे." मी पोहे खाऊन परत आलो.

गेल्या महिन्यात काका गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, "घरात काही बिघडलं की बाबा तुमचं नाव घ्यायचे. म्हणायचे, काढून परत बसव, त्याने तसंच केलं होतं."

मी तिला टोपीचं सांगितलं.

"म्हणजे बाबांचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही."

"मग हे त्यांना सांगायचं होतं ना. मला कशाला सांगता?"