कुंदाची माणसं, माझी बेल

कुंदा गेल्याची बातमीसुद्धा माझीच बेल वाजवून आली. तिच्याकडे कामाला येणारी शांता सकाळी माझ्या दारात उभी. "आजी, कुंदाताई दार उघडत नाहीत. चावी द्या ना." चावी माझ्या फ्रीजवरच्या डब्यात असायची. मी गॅस बंद केला, समोरचं दार उघडलं... देव्हाऱ्यापुढच्या खुर्चीत ती बसल्या बसल्याच गेली होती. आदल्या संध्याकाळचा दिवा पार तळापर्यंत जळून विझलेला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. त्या घटकेला माझ्या मनात काय आलं असेल? हिला मरणसुद्धा किती देखणं मिळालं! आता महिना होऊन गेलाय, म्हणून लिहिते. माझी नात म्हणते, "आजी, तू जेलस आहेस." अगं, मी चाळीस वर्षं आहे.

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर आमची दारं. तिची बेल कायम बंद. तिचा एकुलता एक मुलगा संजू कॉलेजात असताना तापाचं निमित्त होऊन गेला. त्यानंतर बेल वाजली की हिच्या तोंडात आधी "संजू" यायचं आणि मग दारात इस्त्रीवाला दिसायचा. एक दिवस स्टुलावर चढून तिने स्वतःच वायर काढून टाकली. नवऱ्याने पुन्हा जोडायचं नाव काढलं नाही, आणि काही वर्षांनी तोही गेला. तेव्हापासून तिच्याकडे येणारा प्रत्येक जण माझी बेल वाजवायचा. "दुरुस्त का नाही करून घेत?" असं मी एकदा वैतागून विचारलं, तर आपल्या मालवणीत म्हणाली, "मगे तू कित्याक आसस?" मी कशासाठी आहे ते अशा रीतीने मला समजलं.

खरं तर कवयित्री मी होते. म्हणजे तसं मला वाटायचं. तुळशीवर, पहाटेवर, विठ्ठलाच्या विटेवर मी इतकं लिहिलं होतं की देवाला वाचून कंटाळा आला असेल. महिला मंडळात काव्यवाचन करताना मी डोळे मिटून घ्यायची. काय तो अंबाडा, काय ती मोठ्ठी टिकली, आणि शेवटच्या ओळीला कापणारा आवाज! आज ती बाई समोर आली तर मी दुसऱ्या वाटेने जाईन. त्या वेळी मात्र मी अगदी उदार मनाने कुंदाला म्हटलं, "तूही लिही गं काहीतरी. मन रमेल." तिने एकच कविता लिहिली. मी माझ्या कवितेबरोबर तीही एका दिवाळी अंकाला पाठवली. म्हटलं, बिचारीचा विरस होऊ नये. दोन्ही छापून आल्या. डाव्या पानावर ती, उजव्या पानावर मी.

तिच्या कवितेच्या शेवटच्या ओळी अशा होत्या:

दिवा लावते तो देव मला दिसावा म्हणून नाही.
त्याला दिसावं, या घरात कोण उरलंय.

वाचून माझ्या अंगावर काटा आला. पाठोपाठ राग आला. ऐन दिवाळीत असं कोणी लिहितं का? आणि लिहायचंच होतं, तर ते मला का सुचलं नाही?

दिवाळी अंकाच्या शेवटी तेव्हा लेखकांचे पत्ते छापत. नाताळच्या आधीच माझी बेल वाजायला लागली. पहिले आले ते घाटकोपरचे एक गृहस्थ. कपाळाला गंध, अंगात सफारी, आणि रागाने लाल झालेले. "सणासुदीला असली अभद्र कविता लिहिणाऱ्या बाई कुठे राहतात?" मला कोण आनंद झाला! म्हटलं, आज कुंदाची वाट लागली. मीच त्यांना समोर नेलं, नीट ऐकू यावं म्हणून जवळची खुर्ची धरली आणि वर चहाही टाकला. ते बोलत राहिले, कुंदा ऐकत राहिली. तिन्हीसांजा झाल्या तशी ती उठली, पितळी दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली, काडी ओढली. गृहस्थ बोलता बोलता थांबले. उभे राहिले. मग खाली बघत म्हणाले, "आमची मंडळी गेल्यापासून आमच्याकडे दिवा लावलेला नाही. तुमची कविता वाचली आणि... तिडीक आली." चहा माझ्या हातातच गार झाला. भांडण बघायला बसले होते, आणि हे दोघं दिव्यापुढे बहीणभावासारखे उभे.

मग येतच राहिले. मरोळच्या गावठाणातली फिलोमिना आली. कुंदाचे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाय, आल्तारापुढे मेणबत्ती लावताना मी पण असंच म्हणते. मला वाटायचं, पाप आहे." ती गेली तेव्हा दिव्याशेजारी एक मेणबत्ती ठेवून गेली. अशी माणसं मी दार उघडून आत घेत होते, कुंदाकडे पोचवत होते, त्यांच्या कपबशा विसळत होते. एकदा मला राहवलं नाही. फिलोमिना पुन्हा आली तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुंदाच्या कवितेच्या समोरच्या पानावर काय होतं हो?" तिने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मसाल्याची जाहिरात असेल." कुंदा पदर तोंडाला लावून जी हसली, जी हसली... मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

पुढे मोबाइल आले आणि ती कविता फिरायला लागली. नाव गेलं, खाली झेंडूची फुलं आणि 'शुभ सकाळ' आलं. मला ती माझ्याच सुनेने पाठवली. मी रागाने कुंदाला दाखवायला गेले. ती म्हणाली, "फुलं बरी आहेत गं." एवढंच. माझी ओळ कोणी अशी बिननावाची फिरवली असती, तर मी पेढे वाटले असते.

पण खरा मत्सर मला त्याचाही नव्हता. माझ्या देव्हाऱ्यात लाल बल्ब होता. चोवीस तास चालू, कटकट नाही. मी भक्तिगीतं लिहिणारी, आणि रोज हात तेलकट करून वात वळणारी मात्र ती, जिला लोक नास्तिक म्हणायचे. "तुझा विश्वास आहे की नाही, ते एकदा सांगून टाक," मी म्हटलं. "तुझा आहे ना? पुरे दोघींना," ती म्हणाली. "फक्त वीज गेली की देवाला तुझं घर सापडेल का ते बघ." तिचं देवाशी भांडण होतं, आणि रोज संध्याकाळी ती भांडायला बसायची. मी आयुष्यभर त्याची स्तुती केली, पण तो समोर बसून ऐकतोय असं मला कधी वाटलं नाही. मी जळायची ती यावर.

ती गेल्यावर घर आवरायला तिची पुतणी मंजिरी कांदिवलीहून आली. गुणी मुलगी. तिने इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी बेल जोडून घेतली. "मावशी, आता तुम्हाला त्रास नको." दोनच दिवसांत दुपारी समोरची नवी बेल चिमण्यांसारखी चिवचिवली. मी दार उघडलं. गळ्यात पवईतल्या कुठल्याशा ऑफिसचं कार्ड अडकवलेली एक मुलगी कुंदाच्या दारात उभी होती. मंजिरीने सांगितलं, काकू गेल्या. "ओह, सॉरी," म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत लिफ्टमध्ये शिरलीसुद्धा. ना पाणी, ना चहा. मी माझ्या दारात तशीच उभी. आता माझ्याकडे कोण येणार, हा विचार मनात आला आणि मी सरळ समोर गेले.

"मंजिरी, ती वायर काढून टाक."

"अहो मावशी, आत्ताच तर जोडली!"

"काढ म्हणते ना. स्टूल मी धरते."

तिने काढली. निघताना म्हणाली, आठवण म्हणून काय हवं ते घ्या. मी दिवा घेतला. आता बल्ब बंद असतो. माझ्या हातची वात तिरकी होते, काजळी धरते. कुंदाची कशी सरळ उभी राहायची!

गेल्या आठवड्यात संध्याकाळी माझी बेल वाजली. बोरिवलीहून एक मध्यमवयीन माणूस आला होता, हातात तोच जुना दिवाळी अंक. "दिव्याची कविता लिहिणाऱ्या बाई इथेच ना?" खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. "समोर राहायची," मी म्हटलं. "गेली. पण तुम्ही आत या." तो दिव्यासमोर बसला. अंक उघडून त्या ओळी हळूच वाचल्या, मग डोळे पुसले. मी उजव्या पानाकडे बघत होते. आता याची नजर इकडे वळेल, मग वळेल... त्याने अंक मिटला. "चहा छान झालाय," म्हणाला.

तो गेल्यावर मी दिव्याकडे बघून म्हटलं, "बघितलंस? अजून तुझीच माणसं." ज्योत खाली गेली होती. मी उठले आणि तेल घातलं.