सरांची मुलगी

आमच्या निवासी शिबिराच्या सरांचा आवाज मला हुबेहूब काढता येतो. नाकातून बोलायचं आणि प्रत्येक वाक्यावर टाळी वाजवायची, "इथे आई नाही, मावशी नाही! आपलं आपण बघायचं!" पोरं हसून लोळायची. सरांची मुलगी मात्र हसायची नाही. तीही आमच्यातच होती. तिचे लाड होतात असं कुणी म्हणू नये, म्हणून सरांनी तिला पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत बजावलं होतं, "शिबिरात मी तुझा बाबा नाही. सर म्हणायचं."

ती म्हणायची. ताट घासायची, कपडे पिळायची, कशाबद्दल हूं की चूं नाही. सर आम्हाला तिचंच उदाहरण द्यायचे.

टेकडीवर निघायच्या सकाळी ती रांगेत लंगडत आली. सरांनी बूट काढायला लावला. घोटा सुजून काळानिळा पडला होता आणि त्यावर तिनेच रुमाल आवळून बांधला होता. परवा ती दोरीच्या शिडीवरून पडली होती.

"अगं, मला सांगायचं नाही का?"

"आपलं आपण बघायचं ना, सर?"

"सर काय सर! बाबा आहे मी तुझा!"

"शिबिर संपायचंय अजून," ती म्हणाली. तो टोमणा नव्हता. ती खरंच नियम पाळत होती.

शेजारच्याने मला कोपराने ढोसलं, "काढ ना आवाज!" मी त्याचं कोपर बाजूला सारलं.

सर तिला उचलून फाटकाबाहेरच्या गाडीकडे धावले. "गळ्यात हात टाक, बाळा," ते सारखे म्हणत होते. तिने दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून ठेवले होते.