शेवटचे सहा मीटर

काँक्रीटचे दोन भाग एकमेकांना खेटून ओतले, तर उन्हात फुगून एकमेकांना फोडतात. म्हणून मध्ये मुद्दाम फट, म्हणजे सांधा, ठेवायची आणि ती रबरासारख्या सीलंटने भरायची. या कामात काकांची तीस वर्षं गेली, म्हणून सगळे त्यांना सांधेकाकाच म्हणत. काम एकट्याचं. गुडघे टेकून, मान खाली घालून दिवस काढायचा. बोलायला समोर फक्त फट, आणि ती काही हूं की चूं करत नाही.

घरी तरी वेगळं काय होतं? बायको जाऊन सहा वर्षं झालेली. लेक दोन वर्षांपूर्वी दूरच्या शहरात नोकरीला गेली. आधी तिचा रोज फोन यायचा, मग रविवारी, आणि आता चार महिने तोही नाही. तिच्या कामात लुडबुड नको म्हणून काका आपणहून करत नसत. जेवताना मात्र फोन ताटाशेजारी उताणा ठेवत. एकटेपणाची सवय होते म्हणतात. साफ खोटं आहे.

त्या दिवशी इंजिनीअरबाईंनी त्यांना गाड्यांच्या पार्किंगच्या वरच्या मजल्यावर बोलावलं. काकांनी दोन वर्षांपूर्वी भरलेल्या सांध्याचं टोक फाटून खाली पाणी ठिबकत होतं.

"काका, तुमचं काम असं फाटायचं नाही. पार्किंग धुणाऱ्या पोरांनी पाण्याचा जोर मारला असणार. त्यांच्या नावावर लिहिते."

काकांनी फाटलेला तुकडा उचकटला. तळाला टेप नव्हती. सीलंटने दोन्ही कडा धरायच्या, तळ धरायचा नाही, म्हणून खाली टेप लावतात. तळही धरला की ताणायला वाव उरत नाही आणि ते फाटतं. हे काकांनीच कितीजणांना शिकवलं होतं. ते गप्प बसले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं, आणि पाण्याच्या नव्या टाकीचं मोठं काम आयतं पदरात पडलं असतं.

"पोरांचा दोष नाही, बाई. शेवटचे सहा मीटर मी टेप न लावताच भरले. लेकीची गाडी सुटायची होती."

बाईंनी पेन खाली घेतलं. "मग टाकीचं काम तुम्हाला कसं देऊ, काका? वर काय सांगू?"

"नका देऊ. हे मात्र उकरून पुन्हा भरून देतो."

बाई वही मिटून निघाल्या, पण चार पावलांवर थांबल्या.

"भेटली का तेव्हा?"

"भेटली. चार मिनिटं."

"आता फोन करते ना?"

काकांनी सुरी सांध्यात घातली.

"करते की. रोज," ते म्हणाले.