बिनफोडणीचं वरण

नुसत्या शिजलेल्या डाळीचा वास आला की मला खाडीकाठच्या शिरवणे गावातला तो लॉज आठवतो. मी नोकरीवर रुजू व्हायला साताऱ्याहून येत होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून धाकटा भाऊ हट्टानं बाइकवरून सोडायला निघाला होता. सानपाड्याजवळ टेम्पोनं आम्हाला उडवलं. माझा पाय मोडला, त्याच्या डोक्याला मार बसला. तो जवळच्याच इस्पितळात आयसीयूत, वडील त्याच्यापाशी आणि प्लास्टर घातलेली मी लॉजवर पडून. खिडकीला नारळाच्या झावळ्या घासायच्या, खाडीचा दमट उकाडा अंगाला चिकटायचा. लॉजची मालकीण, गावातलीच आगरी मावशी, रोज झणझणीत कालवण आणायची. एका दुपारी मात्र तिनं भात आणि बिनफोडणीचं वरण पुढ्यात ठेवलं. आमच्याकडे फोडणी बंद होते ती घरातलं कुणी गेल्यावरच. मी ताट दूर सारलं. "मावशी, खरं सांगा. माझा भाऊ गेला ना?" तिनं कपाळावर हात मारला. "अगो येडे, तुजा भाव जिता हाय! सकाली डोले उघडले त्यानं. तू झोपलेलीस, बापूस सांगून गेला. माजा सासरा गेला गो. आमची चूल बंद हाय, शेजारनीनं आनलंय हे." मी आनंदानं हसले आणि तिचे सुजलेले डोळे दिसताच मला रडू फुटलं. "रडू नुको, जेव," म्हणत ती माझ्याजवळच बसून राहिली. भाऊ आता ठणठणीत आहे. त्याला राखी बांधताना दरवर्षी मला मावशीचा सासरा आठवतो, कधीच न पाहिलेला.