डाव्या बाजूचा पत्रा

पाच डिसेंबर. पिकअप राहुरीला गॅरेजात न्यायची होती. डावं दार आत दबलेलं, मडगार्ड चाकाला घासत होतं. कांद्याच्या लागणीचे दिवस, त्यामुळे गाडी संध्याकाळी परत हवी होती.

आदल्या दिवशी नवऱ्यानं ती ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्याला घासली होती. समोरून उसाची जोडट्रॉली आली, तिला बाजू द्यायला गेलो, असं त्यांनी सांगितलं. गळिताच्या दिवसांत हे कुणालाही पटेल. लागणीच्या बायकांना वावरात सोडून ते परत येत होते, मागचा हौदा रिकामा होता. त्यांचा खांदा दुखावला म्हणून गाडी मी नेली. लायसन माझ्याकडं आहे, पण माझं चालवणं दळण आणि बाजारापुरतं.

लागणीला वाडीवरच्या बारा बायका मी गोळा करते. शेतकऱ्याशी बोलणं माझं, आणि त्यांना हौद्यात बसवून वावरात पोचवणं नवऱ्याचं. बायका गाडीत बसतात त्या माझ्या शब्दावर.

मिस्त्री साठीचा. त्यानं आधी हातोडी घेतलीच नाही. खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि दबलेल्या दारावर लावलं. ते चिकटलं नाही, खाली पडलं. काचेजवळ लावलं तिथं चिकटलं. मडगार्डवर पुन्हा पडलं. मग उजव्या बाजूला जाऊन त्यानं सगळीकडं लावून बघितलं. तिथं कुठंच पडलं नाही.

"वैनी, ही गाडी आधी कुठं करून घेतल्ती?"

"कुठंच नाही."

"न्हाई कसं? पत्र्यावर बोटभर लांबी भरलीय, खड्डे बुजवायची पुट्टी. लोखंड हाताला लागंना."

त्यानं छिन्नीनं एक टवका उडवला आणि माझ्या हातावर ठेवला. लांबी, तिच्यावर पांढरा रंग, त्यावर परत लांबी, परत पांढरा रंग.

"हे दोन बार झालं. कालचं तिसरं. आन् तिन्ही एकाच अंगाला." तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "भाऊंची नजर बरी हाय ना?"

"तुम्ही पत्र्याचं बघा, मिस्त्री."

"पत्र्याचंच बघतोय."

मी बाहेर टायरवर जाऊन बसले. दसऱ्याला गाडी धुताना डावं दार उजव्यापेक्षा पांढरं दिसलं होतं. ह्यांनी घासून काढलं असेल म्हणून मी त्यावर कुंकवाचं बोट ओढलं होतं. नगरला कांदा घेऊन गेले की त्यांचा कधीकधी सबंध दिवस मोडायचा. जॅम होता म्हणायचे, पत्रा तिथंच करून घेत असणार. डाव्या हाताला ठेवलेला तांब्या ते हमखास लवंडायचे. कोंबडीसारखी सगळी मान वळवून बघता, म्हणून मी थट्टाही केली होती. एवढं सगळं डोळ्यांपुढं असून मी रोज सकाळी बारा जणींना हौद्यात चढवत होते. दोघी तर पोरं घेऊन येतात.

मिस्त्रीनं पत्रा ठोकून आणला आणि लांबीचा डबा उघडला.

"ती भरू नका," मी म्हणाले. "दार लागतंय ना? चाक मोकळं झालं ना? बास."

"आवो, आसं उघडं वाईट दिसंल. सगळे खड्डे दिसत्यात."

"दिसू द्या. गंज चढू नये म्हणून प्रायमर मारा."

"लोक म्हनतील मिस्त्रीला काम येत न्हाई."

"माझं नाव सांगा."

घरी आले तेव्हा हे जेवत होते. मी टवका ताटाशेजारी ठेवला. त्यांनी उचलून बघितला, परत ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रंगाचं म्हणतीस?"

"डोळ्याचं."

"मला दिसतंय की. समोरचं सगळं दिसतंय."

मी त्यांच्या डाव्या खांद्याशी उभी राहिले आणि हात पुढं केला. "किती बोटं?"

"कुठं?" ते म्हणाले.

मी हात खाली घेतला. भाकरी कोरडी पडली होती, तिच्यावर कालवण वाढलं.

"ट्रॉली आलीच नव्हती," ते म्हणाले. "कठडाच दिसला नाही. बायकांना सांगू नको. गाडी सुटली तर मी काय करू? ओट्यावर बसून येणारी-जाणारी मोजू?"

"हौद्यात बायका असत्या तर?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मी समजूत घातली नाही. किल्ली त्यांच्या खिशात असते. ती त्या दिवशी माझ्याकडंच राहिली.

सकाळी गाडी मारुतीच्या देवळापुढं उभी केली. बायका राखाडी दाराकडं बघत राहिल्या.

"आज तुमी? भाऊ कुठं गेले?"

"त्यांना डावीकडचं दिसत नाही. पुलाला गाडी त्यामुळं लागली. आधी दोनदा लागली होती, ते मला काल कळलं."

सगळ्यांत म्हातारी होती ती म्हणाली, "आन् तुला दिसतंय का? तू तर बाजाराला जाताना बैलगाडीच्या मागं मागं जातीस."

"दिसतंय. हळू चालवीन. बसायचं तर बसा, नाहीतर आज खाडा धरू."

दहा चढल्या. पोरंवाल्या दोघी माघारी गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

तेवढ्यात हे आले आणि डाव्या सीटवर बसले. दार दोनदा आपटावं लागलं. पुलावर मी पहिला गिअर टाकला. त्यांनी सगळी मान वळवून कठड्याकडं बघितलं आणि तो मागं पडेपर्यंत बघत राहिले.

बायकांना वावरात उतरवलं. परतताना गावचा फाटा आला तिथं मी वळले नाही. गाडी नगरच्या रस्त्याला लावली. डोळ्यांचा दवाखाना नऊला उघडतो.