दाराची बार्बरा

आफ्रा आमच्या शेजारच्या क्विरीनची बायको. त्या घरात काचेवर संत रंगवायचे. चेहरे आणि काळ्या रेघा सासूच्या, म्हणजे वाल्बुर्गाच्या. सुनेच्या वाट्याला लाल झगे, बुरूज आणि आभाळ. रंगकाम पाठीमागून चालायचं. काच उलटली की खरं चित्र. आधी काढलेलं पुढे राहतं, मग त्यावर कितीही रंग थापा.

हिवाळ्याच्या तोंडाला सगळ्या काचांवर संत बार्बराच असायची. बापानं बुरुजात कोंडलेली पोर, खाणकामगारांची कैवारी. तिच्या सणाआधी काचा खाणींच्या गावांत पोचायला हव्यात.

त्याच सुमारास डोंगरापलीकडून निरोप आला. आफ्राच्या आईनं अंथरूण धरलं होतं.

"जाऊन येऊ का, आई?" तिनं सासूला विचारलं.

"जा की. माहेर कुठं पळून जातंय? एवढ्या बार्बरा होऊ देत."

"तोवर खिंडीत बर्फ पडेल."

"मग बोलत काय बसलीस? हात चालव."

आफ्रानं हात चालवला. प्रत्येक बुरुजावर करडा रंग देण्याआधी तिनं एक छोटं उघडं दार काढलं आणि वरून दगड रंगवून टाकले. पाठीमागून काहीच दिसेना.

चौकटी ठोकताना म्हातारीनं काच उलटली. मी तेव्हा लोणी द्यायला गेले होते.

"हे काय गं? दार? तेही सताड उघडं? मग ही बया आत बसलीय कशाला?"

"मलाही तेच कळत नाही," आफ्रा म्हणाली.

सगळं खरवडायला वेळ नव्हता. क्विरीन काचा पाठीवर घेऊन गेला आणि रिकाम्या पाठीनं, खुशीत परतला.

"आई, खाणवाले वेडे झालेत! म्हणतात, खाली उतरणाऱ्याला दार दिसलेलं बरं. आणखी हव्यात, दाराच्याच."

"मी आईंना शिकवते आणि निघते," आफ्रा म्हणाली.

वाल्बुर्गानं एक दार काढून पाहिलं. ते वाकडंतिकडं आलं.

"भट्टीचं तोंड झालंय!" क्विरीन हसला. मग बायकोला म्हणाला, "तुझ्याच हातचं पाहिजे. सण झाला की मी स्वतः सोडतो तुला."

सणाच्या आतच खिंड बुजली.

बर्फ वितळल्यावर पहिल्या फेरीवाल्यानं सांगितलं, आफ्राच्या आईला नाताळातच पुरलं. मी भेटायला गेले तर आफ्रा रंग घोटत बसलेली. "बस ना," म्हणाली. घोटणं थांबवलं नाही.

पुढच्या हिवाळ्यातली एक बार्बरा आमच्या जेवणाच्या मेजामागच्या कोपऱ्यात, भिंतीवर टांगली आहे. बुरुजाला दार आहे. बंद, बाहेरून कडी घातलेलं. मी क्विरीनला मुद्दाम दाखवलं. त्यानं काच जवळ घेऊन पाहिली.

"हो, आता सगळी अशीच काढते," तो म्हणाला. "खपतात तीही."