डोळे मिटायची शिस्त

अकोल्याच्या मिशनच्या शाळेत मी मास्तरीण होण्याचं शिक्षण घेत होते. रोज सकाळी घंटा झाली की पाव तास ‘शांतवेळ’. डोळे मिटायचे, हात जोडायचे, देव काय बोलतो ते ऐकायचं आणि मग वहीत लिहायचं. माझ्याशी देव कधी एक शब्द बोलला नाही. पायांना मुंग्या यायच्या. डोक्यात शेजारणीचा खोकला, नागपूरची सरकारी परीक्षा, कालची करपलेली भाकरी. वहीत मात्र मी सुरेख अक्षरात खोटं लिहीत गेले. मिससाहेबांनी ती वही सगळ्या वर्गाला दाखवली, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तशीच अस्वस्थ मी सुटीत घरी आले. बडनेऱ्याजवळ आमचा भाजीचा मळा होता. आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा मी पाळण्यात होते, पण मळ्यातलं काम काही बदललं नव्हतं. बाबा मोट हाकायचे आणि माय पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात सोडायची. एक वाफा भरला की फावड्यानं त्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. हे करता करता ती देवाशी बोलायची. चांगलं खणखणीत, पदर खोचून, पाय चिखलात.

“पाह्य बरं देवा, या वांग्याले पुन्हा कीड लागली. कावून असं करतं तू? आन् पोरगी आली माही अकोल्याहून. जेवाले बसवलं तं खात नाई.”

मला तिचा हेवा वाटला. हे मी आज कबूल करते. तेव्हा मी त्याला धर्माचा कळवळा समजले होते.

“माय, प्रार्थना अशी नसते,” मी फणकाऱ्यानं म्हटलं. “काम थांबवून, डोळे मिटून करायची. देव काय तुझा शेजारी आहे?”

तिचा चेहरा पडला. “मले कोनी सांगितलंच नाई, बाई,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं भर पाण्यात फावडं बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. पाणी कुणासाठी थांबतं? वाफा फुटला. मिरचीची कोवळी रोपं वाहून चालली.

“अवं, झोपली का काय?” विहिरीवरून बाबा ओरडले. तरी तिनं डोळे उघडले नाहीत. प्रार्थना संपली नव्हती ना!

त्यानंतर मायचं बोलणंच बंद झालं. चार दिवस मळ्यात नुसती मोटेच्या चाकाची करकर. मला घरात बसवेना, मळ्यात उभं राहवेना. शेवटी मेथीच्या जुड्या बांधताना मी विचारलं, “आता बोलत नाहीस त्याच्याशी?”

“डोये मिटले का थो दिसतच नाई,” ती खाली मान घालून म्हणाली. “उघडे ठेवले तं थ्याचा अपमान होते. मंग चूप बसावं लागते.”

मी हातातली जुडी खाली ठेवली. “माझं चुकलं, माय. मला काही कळत नाही. माझ्याशी तो बोलतच नाही. वहीत लिहिलेलं सगळं खोटं आहे.”

माय हसायला लागली. “येडी हायेस. शिकलेल्या मानसाचं लिवनं खोटं कसं असन?”

आता हिला कसं समजवावं?

दोन दिवसांनी न्याहारी घेऊन मळ्याकडे गेले, तर कुंपणाबाहेरूनच तिचा आवाज ऐकू आला. कीड, वांगी, बाबांची कंबर, सगळं पुन्हा सुरू झालं होतं. मी आनंदानं धावत आत शिरले. तिनं मला पाहिलं, घाईनं फावडं ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले.

पुढं ती जगली तितकी वर्षं माझ्यासमोर तिनं तसंच केलं. म्हणून मी कुंपणाशीच थांबायला लागले. एकदा अशीच भाकरी घेऊन उभी होते, तर आत माझाच विषय निघाला.

“तिच्यासंगं बी बोल ना रे एखाद्या वख्ती,” माय त्याला सांगत होती. “लय तयमयते लेकरू.”

भाकरी गार होईपर्यंत मी आत गेले नाही.